पेन्सिलीने

हाउगनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
शाईने लिहू नकोस, लोरीन. पंचही माणूसच असतो.
तेव्हापासून एकतीस हिवाळे
मी त्याच्या बाकाशेजारच्या टेबलाशी,
पुढ्यात गुणांची वही,
स्वेटरच्या खिशात खोडरबर.

नॉर्थ डकोटात डिसेंबरचा दिवस साडेचारलाच आटोपतो.
मग गावात दोनच ठिकाणी उजेड,
गव्हाच्या कोठारावरचा तो एकटा दिवा
आणि आमचं जिम,
कुणीतरी चूल विझवायला विसरल्यासारखं.

लोक आता म्हणतात, तो कधी ओरडला नाही.
ओरडायचा. घसा बसेपर्यंत.
मध्यंतरात मी कोमट पाणी घेऊन आत जायचे
तर साडेसहा फुटी एखादं पोर भिंतीकडे तोंड करून रडत असायचं
आणि हा खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत असायचा,
दुहेरी गाठ,
पहिल्यांदा शाळेत निघालेल्याला मारतात तशी.

सामन्याआधी मनगटावरचं घड्याळ उतरवून
माझ्यापुढे ठेवायचा. हे तू सांभाळ,
मला ते वरचं पुरे.
वरच्या घड्याळात सेकंद उलटे पळायचे.

पोरं बहुतेक बीटच्या शेतांतली,
नखांत काळी माती घेऊन सरावाला येणारी.
एक सेनेगलहून आलेला, इब्राहिमा,
पहिला बर्फ बघून तीन दिवस खोलीबाहेर पडला नाही.
हाउगनने त्याला आपला कोट दिला
आणि उरलेला हिवाळा स्वतः काढला
मुलाच्या जुन्या जॅकेटात. बाह्या कोपराच्या जरा खाली.
कुणी विचारलंच तर म्हणायचा, उकडतं मला.

आता ते सांगते.
चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी. आर्लो सुंडक्विस्ट, नंबर चौदा,
चार फाउल झालेले, तीन मिनिटं बाकी.
त्याची आई रात्रपाळी संपवून, गणवेश न बदलता,
दोनशे मैल हिमवादळातून गाडी हाकत आलेली.
शिट्टी वाजली. पंचाने बोटांनी चौदा दाखवलं.
मी एक्केचाळीस लिहिलं.
हात थरथरला वगैरे काही नाही.
बाकावरच्या कुणा एक्केचाळीसच्या नावापुढे
एक रेघ, बाकीच्या रेघांसारखीच.
शेवटचे दोन गुण आर्लोचे. एका गुणाने जिंकलो.
त्याची आई खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

सकाळी वही चाळताना हाउगन त्या रेघेवर थांबला.
माझ्याकडे पाहिलं नाही.
फोन उचलला आणि सामना देऊन टाकला,
उसनी आणलेली शिडी परत करावी तसा.
चूक आमची, एवढंच म्हणाला. कुणाची, ते नाही.
गावाने महिनाभर त्याला शिव्या घातल्या,
न्हाव्याने तर केस कापायलाच नकार दिला.
पुढच्या सामन्याला मी भीत भीत गेले
तर माझी खुर्ची जागेवर होती,
तिच्यावर एक नवी पेन्सिल, टोक काढलेली.

निरोपाच्या जेवणाला बटाट्याचं हॉटडिश होतं, कागदी पेले होते.
डीनने आकडे वाचले, चारशे तीन विजय,
चारशे चार पराभव.
एकाने हुकलं की हो, कोच!
सगळे हसले. हाउगनही हसला, मनापासून.
मी ताटातले वाटाणे मोजत राहिले.

आदल्या रात्री अकरा गुणांनी हरलो होतो,
घड्याळ माझ्याच पर्समध्ये राहिलेलं.
तो आला, मनगट पुढे केलं.
मी पट्टा बांधला.
बरोबर चाललंय का?
चार मिनिटं मागे आहे, मी म्हटलं.
राहू दे.
मग दोघंही कोट घालून बाहेर गेलो,
गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडायला.